देवाची बाजू, रस्त्याची बाजू

आमच्या गावच्या रंगमंचाला डावी बाजू नाही आणि उजवीही नाही. पूर्वी होत्या म्हणे. पण नटाची डावी ती प्रेक्षकांची उजवी, या मुद्द्यावरून एका वर्षी तालमीत इतकी जुंपली की प्रधानाने राजाला धोतराला धरून मंचाच्या दुसऱ्या टोकाला ओढत नेलं. त्यानंतर वडीलधाऱ्यांनी ते दोन्ही शब्द हद्दपार केले. मंच देवळाच्या पटांगणात आडवा उभा राहतो. एका अंगाला देऊळ, दुसऱ्या अंगाला रामनगरला जाणारा रस्ता. म्हणून एक देवाची बाजू, एक रस्त्याची बाजू. प्रेक्षकांत बसा, मंचावर उभे राहा, नाहीतर पटांगणातल्या फणसावर चढून बघा, देव हलत नाही आणि रस्ताही हलत नाही. (रस्ता पावसाळ्यात थोडा हलतो, पण आमची जत्रा पावसाच्या बरीच आधी असते.)

दुसरा नियम कुणी केलेला नाही, तो आपला आहेच. नाव घ्यायचं तर देवाचं आधी. नारळ देवाकडचा आधी फुटतो, पडदा देवाकडून आधी बांधतात, आणि "देवाकडं दोन खुर्च्या टाक, रस्त्याकडं एक" असंच बोललं जातं. उलट क्रमाने बोललेलं मी आयुष्यात ऐकलेलं नाही. हे सांगून ठेवतो, कारण पुढे जे घडलं ते या दोन नियमांमुळे, माझ्या सुनेमुळे आणि थोडंसं माझ्यामुळे. हा क्रम मात्र मी मुद्दाम लावला आहे.

माझं रामनगरात जळलेल्या पंपांना नवं वाइंडिंग करून देण्याचं दुकान आहे. माणूस वायरीतला, म्हणून गावच्या नाटकाचे दिवे पहिल्यापासून माझ्याकडे. एक लाकडी फळी, तिच्यावर बटणं आणि दोन गोल खुंट्या. एक खुंटी देवाकडच्या मोठ्या दिव्याची, दुसरी रस्त्याकडच्या. खुंटी फिरवली की उजेड चढतो, उलटी फिरवली की उतरतो. या दोन खुंट्यांवर मी गावाला पहाट दाखवली आहे, वणवे दाखवले आहेत आणि एकदा, फ्यूज गेल्यामुळे, न लिहिलेलं ग्रहणही दाखवलं आहे. त्या ग्रहणाला टाळ्या पडल्या होत्या.

आता राजा. नाटक दरवर्षी बदलतं, राज्य बदलतं, शत्रू बदलतो, राजा मात्र तोच. आम्ही सगळे त्याला अण्णा म्हणतो. वर्षभर भातशेती आणि जत्रेच्या संध्याकाळी राज्य, असा त्याचा जन्म गेला. उंची राजाची, आवाज राजाचा, चालणं तर असं की मागच्या दारातून पुढे येईपर्यंत पटांगणातली पोरं रडायची थांबतात. मला तो "तम्मा" म्हणतो. कन्नडातून आमच्याकडे आलेला हा धाकट्या भावाचा शब्द. माझे केस पांढरे झाले तरी मी तम्माच.

काही वर्षांपूर्वी रामनगरच्या स्टँडसमोर चहा पिताना त्याने मला सांगितलं की डोळ्यांत काचबिंदू आहे. बेळगावला दाखवलं, थेंब चालू आहेत, गेलेलं परत येत नाही.

"नळीतनं बगितल्यागत दिसतंय, तम्मा. समोरचं तेवढं. अंधार झाला तर त्ये बी न्हाई."

"मग नाटक?"

"उजेड असंल तिकडं मी जातोय. उजेड तुझ्या हातात हाय. झालं की."

झालं. तेव्हापासून आमची व्यवस्था ठरली. दरबाराच्या प्रसंगात राजा मागच्या मधल्या दारातून येतो आणि देवाच्या बाजूच्या सिंहासनाकडे जातो. त्या वेळी मी रस्त्याकडची खुंटी पार उतरवायची आणि देवाकडची पार चढवायची. अण्णा त्या उजेडाच्या डबक्याकडे संथ, भव्य पावलांनी चालत यायचा. लोकांना वाटायचं, ही माझी कला. "काय लाइट सोडतंय ह्ये!" म्हणायचे. मी "व्हय" म्हणायचो. खरं कारण आम्हा दोघांतच होतं.

राजाला आमच्याकडे दरवर्षी एक बंडखोर सेनापतीही लागतो. तो वठवणारा माणूस गोव्याच्या रस्त्यावर स्वतःचा टेम्पो चालवतो आणि नाटकाच्या कमिटीत त्याचा शब्द चालतो. त्याला मी इथे सेनापतीच म्हणतो, गावही म्हणतं. गेल्या वर्षीच्या पहिल्या बैठकीत तो देवळाच्या पायरीवर उभा राहिला आणि बोलला.

"अण्णा, राग मानू नका. मागल्या साली शेवटच्या अंकात प्रधानाला मिठी मारायची हुती. तुम्ही खांबाला मारलासा."

"खांब काय वाईट माणूस न्हाई," अण्णा म्हणाला. "प्रधानापेक्षा बरा उभा हुता."

सगळे हसले. सेनापती हसला नाही.

"मंचाच्या रस्त्याकडल्या कडंला खाली चर हाय. जनरेटर तितंच असतंय. तुम्ही पडलासा तर तुमच्या पोरीला तोंड काय दावू मी? यंदा करा. पर यंदा कुठं चुकलासा तर पुढल्या साली मुकुट दुसऱ्याकडं. कमिटीचं ठरलंय."

"दुसऱ्याकडं म्हंजे तुझ्याकडंच की."

"माझ्याकडं."

अण्णाने त्याच्या डोक्याकडे बराच वेळ पाहिलं. "घे. पर त्यो मुकुट कानावर थांबतोय. तुला कान कुठं हाईत?"

असं म्हणून तो उठून गेला. जाताना पायरी चुकली नाही. मी पाहत होतो, सेनापतीही पाहत होता.

याच बैठकीत दुसरा ठराव झाला, तो माझ्यावर. सेनापतीने गोव्याला कुठल्याशा समारंभात संगणकावर चालणारे दिवे पाहिले होते. "तुमच्या घरात संगणकवाली हाय न्हवं? मग खुंट्या कशाला पिरगळत बसतासा?" ती संगणकवाली म्हणजे माझी सून. बेळगावची. नोकरी पुण्याच्या कंपनीत आणि बसणं आमच्या माजघराच्या खिडकीत, कारण सगळ्या घरात रेंज त्या एका खिडकीतच येते. खिडकीबाहेर गोठा आहे. तिच्या कंपनीतल्या लोकांना आमची म्हैस चेहऱ्याने ओळखते, असं ती सांगते.

तिला कल्पना आवडली. तिने एक डबी मागवली. डबीला दोन दिवे जोडायचे, तिची वायर घरातल्या जुन्या लॅपटॉपला लावायची आणि लॅपटॉपवर लिहिलेली आज्ञा त्या डबीने पाळायची. शून्य म्हणजे अंधार, शंभर म्हणजे भरपूर. भाषा होती पायथन. तिने प्रत्येक प्रसंगाचा उजेड मला विचारून घेतला आणि एक फंक्शन लिहिलं. फंक्शन म्हणजे काय, हे मला तिने एका वाक्यात सांगितलं. कामाला पाठवायचा माणूस. जाताना काहीतरी सांगायचं, येताना तो काहीतरी घेऊन येतो. इथे प्रसंगाचा क्रमांक सांगायचा, तो उजेड घेऊन येतो.

"एकच उजेड?" मी विचारलं. "आपले दिवे दोन हाईत."

"दोन आणतंय की मामा. एका खेपेत दोन किमती, म्हंजे दोन आकडे. जेवणाचा पुडाचा डबा असतोय बगा, एकावर एक कप्पे, तसं. डबा एक, आत पूड दोन. तुम्ही उघडायचं आणि एकेक पुडाला नाव द्यायचं."

मला हे फार आवडलं. मी म्हणालो, हे उघडायचं काम माझं. बाकी सगळं तू कर, पण डबा मी उघडणार. पडद्याआड बसून नुसतं बटण दाबणं मला जमणारं नव्हतं. नाटकात कुठेतरी हात बुडायला हवा.

पहिल्या दिवशी मी डबा उघडलाच नाही. फंक्शनने आणलेलं एका नावात घेतलं आणि तसंच देवाकडच्या दिव्याच्या ओळीत दिलं. यंत्राने लाल अक्षरांत आकांत मांडला. सून पलीकडे कुणाशी तरी इंग्रजीत बोलत होती, तिने कानातलं न काढता पडद्याकडे बघितलं.

"मामा, तुम्ही दिव्याला डबाच निऊन दिलासा."

तेव्हा खरी ओळ शिकलो. बरोबरच्या खुणेच्या उजव्या अंगाला फंक्शनला हाक. डाव्या अंगाला नावं, मध्ये स्वल्पविराम. जितके पूड तितकी नावं. पहिल्या पुडातलं पहिल्या नावाला, दुसऱ्यातलं दुसऱ्याला. एकही पूड नको असेल तर त्याच्या जागी नुसती एक आडवी खालची रेघ टाकायची. नको असलेल्या पाहुण्याला ओटीवरच बसवून चहा द्यावा, तसं ते यंत्र त्या किमतीचं करतं. ती आली एवढंच धरायचं, कुणी तिला विचारायचं नाही. नावं कमी पडली किंवा जास्त झाली तर यंत्र तिथेच अडून बसतं. हा काटेकोरपणा मला भलताच पसंत पडला. आमच्या जत्रेच्या जेवणाला पानं मांडताना असा एक माणूस हवा होता.

मी ओळ लिहिली. डाव्या अंगाला काय लिहिलं असेन ते वाचणाऱ्याने ओळखलं असेलच. देव, स्वल्पविराम, रस्ता. दुसरं काही हातातून उतरणंच शक्य नव्हतं.

सुनेने फंक्शनमध्ये नावं आमचीच घेतली होती, देव आणि रस्ता. मीच सांगितली होती. पण डबा तिने भरला होता बेळगावच्या हिशोबाने. प्रेक्षकांत बसून मंचाकडे पाहिलं की आधी दिसतो रस्ता, मग देव. तिने कागदावर मंच काढला, डावीकडून उजवीकडे वाचला आणि तसाच भरला. रस्ता वरच्या पुडात, देव खालच्या.

आणि यंत्र नावं वाचत नाही. त्याला देवही कळत नाही आणि रस्ताही कळत नाही. कुठला पूड वर, कुठला खाली, एवढंच त्याला कळतं. मी ज्याला देव म्हणत होतो त्यात रस्ता होता, आणि मी त्याला रोज दोन वेळा नमस्कार घालत होतो.

तपासणी आम्ही केली, नाही असं नाही. आमच्या पडवीत, भर दुपारी. दोन बल्ब शेजारी शेजारी टांगले. तिसऱ्या प्रसंगाचा, म्हणजे दरबाराचा, क्रमांक दिला. एक बल्ब भगभगीत पेटला, दुसरा मिणमिणला. ठरलं होतं तसंच. सासू-सुनेने टाळ्या वाजवल्या, मी वाकून मुजरा केला. पडवीला ना देवाची बाजू, ना रस्त्याची. तिथे सगळं बरोबरच होतं.

जत्रेच्या संध्याकाळी नाटक दिवेलागणीलाच सुरू होतं. लांबच्या वाड्यांवरची माणसं जंगलातून आलेली असतात आणि गवे वाटेवर यायच्या आत त्यांना घरी पोचायचं असतं. मी देवाकडच्या विंगेत बसलो. लॅपटॉप मांडीएवढ्या स्टुलावर, सून शेजारी. माझी जुनी फळी वायरी काढून पायाखाली घेतली होती, कारण जमीन गार होती. पहिल्या दोन प्रसंगांत दोन्ही दिवे पूर्ण होते. बाजारपेठ आणि राणीचा महाल. कुठला पूड कुठे गेला याने काही बिघडत नव्हतं. कुणीतरी मागून म्हणालं, "संगणकाचा उजेड येगळाच पडतोय गा," आणि मी सुनेकडे अभिमानाने पाहिलं.

मग दरबार. सेनापती साखळदंडात, रस्त्याच्या बाजूला, कडेपासून हातभर आत. साखळी त्याच्याच टेम्पोच्या मागच्या फळीची. सिंहासन देवाच्या बाजूला, म्हणजे जर टाकलेली प्लॅस्टिकची खुर्ची. भालदाराने ललकारी दिली. मी क्रमांक दिला.

आमच्या डोक्यावरचा दिवा विझल्यासारखा झाला. पलीकडे रस्त्याकडचा दिवा लख्ख पेटला आणि त्याच्या मध्यभागी सेनापती, डोळे मिचकावत, चोरी करताना सापडल्यासारखा.

मागच्या दारात अण्णा उभा होता. त्याने मान वळवली, उजेड शोधला, आणि त्याला तो सापडला. संथ, भव्य पावलांनी तो निघाला. रस्त्याच्या बाजूला.

"मामा, बदललंय," सून कुजबुजली. तिला एका नजरेत कळलं होतं. "ओळ उलटी करा. आत्ताच्या आत्ता."

"किती वेळ?"

"बंद करून परत चालू करायचं. लगेच हुतंय."

"बंद केल्यावर दिवे?"

बंद केलं की सगळे दिवे जाणार. अण्णा मंचाच्या मध्यावर पोचला होता. त्याच्या नळीतून दिसत असलेली जगातली एकमेव वस्तू मी विझवायची आणि मग ती त्याच्या पाठीमागे पेटवायची. तो वळेल? कुठे वळेल? मी तिचा हात धरला.

"राहू दे."

"मामा, पुढं चर हाय!"

"मला म्हाईत हाय. अंधारात बी हाय त्यो."

मंचावर मी ओरडू शकत नव्हतो. ओरडलो तर सगळ्या पटांगणाला कळणार की राजाला दिसत नाही, आणि मुकुट तिथल्या तिथे गेला. गप्प बसलो तर अण्णा चरात जाईल. माझ्या जागेवरून काहीच करता येण्यासारखं नव्हतं. एवढा वेळ मला प्रत्येक पाऊल स्पष्ट दिसत होतं. अतिशय सुंदर चालत होता. मागे कुणीतरी रडणारं पोर गप्प झालं.

तेव्हा सेनापती हलला. त्याने अण्णाकडे पाहिलं, डोक्यावरच्या दिव्याकडे पाहिलं, पलीकडच्या काळोखात बुडालेल्या सिंहासनाकडे पाहिलं. त्याच्या तोंडावरून काय काय गेलं ते मला या टोकावरून दिसलं नाही. मग साखळी खळखळवत तो दोन पावलं पुढे आला, अण्णा आणि कड यांच्या मध्ये उभा राहिला आणि गरजला, "थांबा महाराज!"

अण्णा थांबला. हे वाक्य नाटकात नव्हतं. राजाला थांबवायचा अधिकार त्या नाटकात कुणालाच नव्हता.

"आज न्याय करायचा असेल तर माझ्याजवळ बसून करा! दुरून नको!" असं म्हणून तो मंचावरून तसाच खळखळत देवाच्या बाजूला धावला. त्याने ती जरीची खुर्ची उचलून बांधलेल्या हातांनी डोक्यावर घेतली, परत आला आणि अण्णाच्या मागे ठेवली. ठेवताना खुर्चीची कड अण्णाच्या पोटरीला हलकेच लावली. हे मी पाहिलं. सुनेनेही पाहिलं.

पटांगणातून आवाज आला, "आरं, कैद्यालाच कामाला लावलंय गा ह्येनी!" आणि हशाचा असा लोंढा आला की भालदारसुद्धा भाला खाली ठेवून हसला.

अण्णा बसला. अगदी सावकाश. हसू ओसरेपर्यंत थांबला. त्याला तोवर सगळं कळलं होतं. उजेड कुठे गेला, आपण कुठे आहोत, समोर कोण आहे. मग तो बोलला, त्या खालच्या आवाजात, जो मागच्या ओळीपर्यंत पोचतो.

"बरोबर बोललास. ज्याला शिक्षा द्यायची त्याचं तोंड जवळून बघावं."

टाळ्या पडल्या त्या मी मोजल्या नाहीत. प्रधान, राणी, सगळा दरबार मुकाट रस्त्याच्या बाजूला सरकला आणि उरलेला प्रसंग तिथेच झाला. देवाची बाजू रिकामी पडली होती. प्रेक्षकांत पुढे बसलेली एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, आणि ते विंगेत ऐकू आलं, "बरं झालं बाई. दरवर्षी राजा देवाला पाठ करून बसायचा. कुणाच्या ध्यानात कसं आलं न्हाई?"

पडदा पडल्यावर सुनेने ओळ उलटी केली. रस्ता आधी, देव मागून. मला ती बघवेना, पण पुढच्या अंकात दिवे जिथल्या तिथे लागले.

शेवटी रंग उतरवायला सगळे देवळामागच्या खोलीत बसले. अण्णा खोबरेल तेलाने मिशी सोडवत होता.

"तम्मा, आज उजेड रस्त्याकडं गेला व्हय?"

"व्हय अण्णा."

"मला वाटलं देवच सरकला."

सेनापती कोपऱ्यात साखळी गुंडाळत होता. त्याने मान वर केली.

"म्हंजे इतकी वर्सं तुम्ही उजेड बगून चालत हुता?"

"मग काय तुझं तोंड बगून?"

सेनापतीने माझ्याकडे पाहिलं. मी तेलाच्या बाटलीचं लेबल वाचायला घेतलं. त्याने साखळी खांद्यावर टाकली आणि तो टेम्पोकडे गेला.

त्यानंतर गावात दोन पक्ष झाले. एकाचं म्हणणं, राजा चुकला, सरळ चुकीच्या बाजूला गेला, अट म्हणजे अट. दुसऱ्याचं म्हणणं, राजा उजेडात गेला, उजेड चुकला, आणि उजेड चुकल्याबद्दल मुकुट काढायचा असेल तर तो यांच्या डोक्यावरनं काढा. म्हणजे माझ्या. माझ्या डोक्यावर मुकुट कधी नव्हता हे कुणी लक्षात घेतलं नाही. कमिटीने निकाल सुगीनंतरवर ढकलला. कमिटीच्या आतल्या बैठकीला दिवेवाल्याला बोलावत नाहीत. अण्णा पावसाळ्यात गोव्याला लेकीकडे गेला. फोनवर भाताचं विचारायचा, पावसाचं विचारायचा. मुकुटाचं विचारत नव्हता आणि मीही काढत नव्हतो. सेनापतीचा टेम्पो गोव्याला जाता-येता दुकानासमोरून जायचा, हॉर्न वाजायचा, बस्स.

सुगी झाली, भात घरात आलं. तालमी सुरू व्हायच्या होत्या. एका दुपारी मी माळ्यावरून ती डबी काढली, पडवीत दोन बल्ब टांगले आणि लॅपटॉप उघडला. सून आत खिडकीत तिच्या कामावर होती. मी दरबाराचा क्रमांक दिला.

एकही बल्ब लागला नाही. लाल अक्षरं आली. इंग्रजीत होती, पण ती ओळ मला आता पाठ होती: उलगडायला किमती जास्त आल्या, अपेक्षा दोनची.

माझी ओळ मी तपासली. दोन नावं, मध्ये स्वल्पविराम. रस्ता, देव. मी काहीही हलवलं नव्हतं. म्हणजे डब्यात कुणीतरी पूड वाढवला होता. मी फंक्शन उघडलं आणि खाली, परत देण्याच्या ओळीपर्यंत गेलो. रस्ता, देव, आणि त्यांच्या पुढे तिसरं नाव.

राजा.

मी खिडकीशी गेलो. म्हशीने बघितलं, मग सुनेने. तिने कानातलं एका बाजूने काढलं.

"कुणी सांगितलं ह्ये?"

"ते सेनापती आलते की. तुम्ही दुकानात हुता. म्हणाले, अण्णांच्या चालायच्या वाटंवर बारीक दिवा वेगळा पाहिजे, दारापासनं खुर्चीपर्यंत. कमिटीनं वायर आणून दिलीय, ती बगा फळीवर. मला वाटलं तुम्हाला बोलले असतील."

"न्हाई बोलले."

"आणि हो, रस्त्याकडल्या कडंला कठडा करायला सांगितलाय म्हणे त्यांनी सुताराला." तिने कानातलं परत घातलं आणि इंग्रजीत क्षमा मागितली, माझी नव्हे.

पडवीत येऊन मी माझ्या ओळीत तिसरं नाव लिहिलं. तिसरा बल्ब कुठेच जोडलेला नव्हता, पण लाल अक्षरं गेली आणि दोन बल्ब पेटले, एक भगभगीत, एक मिणमिणता. मग गोव्याला फोन लावला.

"अण्णा, यंदा दिवे तीन हाईत."

पलीकडे लेकीच्या घरातला मिक्सर चालू होता, तो थांबला.

"तिसरा कुठं?"

"दारापासनं खुर्चीपर्यंत."

"कुणी मागितला?"

"साखळीवाल्यानं."

मग घसा साफ केल्याचा आवाज आला, राजाचा.

"तम्मा, मग रामनगरात नवी मिशी बगून ठेव. गेल्या सालची तेलानं कुजक्या खोबऱ्यागत वास मारत्याय. आणि त्याला सांग, कठडा केला तरी कान काय लांब हुत न्हाईत."

कठड्याचं मी काढलंच नव्हतं. त्याला ते कुणी सांगितलं, हे विचारायच्या आत त्याने फोन ठेवला.